रुसव्याची ओळ

२३ ऑक्टो. १९५८
काल दसऱ्याचं गाऱ्हाणं. अख्ख्या गावातर्फे देवासमोर बोलायचा मान आमच्या घराचा, आणि या आवाजाला पंचक्रोशीत अजून तोड नाही. पण ‘कोणाचो रुसवो-फुगवो आसात तर तो दूर कर, म्हाराजा’ इथे छातीत कळ आली. यंदा तिसऱ्यांदा. त्याच ओळीला.

२५ ऑक्टो.
खारेपाटणला डॉ.कडे. नळी लावून बराच वेळ ऐकलं. “मास्तर, मनाचो भार काळजावर पडता. कोणाशी वाकडा आसा काय?” म्हटलं, चाळीस वर्षं शाळा चालवली, माझ्याशी वाकडं घ्यायची छाती कोणाची! लेकीचं, सु.चं, नाव काढलं नाही.

२ नोव्हें.
सु.चं पत्र. पोरगी मुंबईला नर्स व्हायला गेली त्याला तीन वर्षं. “गेलंस तर माझ्याशी बोलू नको” म्हणालो होतो. माझीच ती, नाही बोलली. पत्रं आईला. आमची ही पडवीत बसून ती मुद्दाम मोठ्याने वाचते. हिला वाचायला मीच शिकवलं, भोगा आता. सु. परीक्षेत पहिली. येणारच, मुलगी कोणाची! जत्रेला येते म्हणे. धडधडलं, पण कळ नव्हती.

२४ नोव्हें.
आली. उंबऱ्यातच नाडी बघायला माझं मनगट धरू लागली. हात मागे घेतला. मग हिच्याकडे वळून, “आये, बाबांका सांग, राग गिळलो तरी तो छातीत रवता.” हिने सांगितलं.

२६ नोव्हें.
जत्रा. भर सभामंडपात त्याच ओळीला अडकलो. घाम. ओळ संपली की गावाने ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, गाव खोळंबलेलं. तोच बायकांतून एकटीचा आवाज, “होय म्हाराजा!” ओळ पुरी व्हायच्या आधीच. माणसं हसली. आवाज खणखणीत, थेट माझा. पुढचं सगळं एका दमात म्हटलं. ऊर भरून आला, लिहायला लाज कसली.

२८ नोव्हें.
सकाळी तिची एस्टी. नाक्यापर्यंत बरोबर गेलो. गावाचं गाऱ्हाणं तोंडपाठ, स्वतःचं एक वाक्य सुचेना. गाडीची धूळ दिसली तेव्हा मनगट पुढे केलं. म्हटलं, “बघ.”
घड्याळ बघत मोजू लागली. गाडी थांबली, हॉर्न झाला, तिचं मोजणं चालूच. डोळे पुसून म्हणते, “चुकला, बाबा. परत मोजतंय.”
पहिली आलेली नर्स. मी हात तसाच ठेवला.