डॉक्टरांपेक्षा डुक्कर परवडलं

११ जुलै १९९४, सोमवार

आज पाचही तास उभ्याने घेतले! पोरांना वाटतं, बाई फार कडक. कडक कसली — बसताच येत नाही. सकाळी पुन्हा रक्त. मूळव्याध, दुसरं काय.

आठवी ब ला 'समतोल आहार' चालू आहे. फळ्यावर डाळी, पालेभाज्या, दूध लिहीत होते आणि मनात एकच — उद्या सकाळी परत संडासात जायचंय.

मधल्या सुट्टीत आमच्या शिपाईणबाईने, हरणाबाईने गाठलंच. "आवं बाई, बसा की. सारख्या हुभ्या का ऱ्हाताय?" सांगून टाकलं. ती खुदकन हसली! "एवढंच व्हय? डुकराचं मटण खावा. आमच्या मालकास्नी दोन आयतवारात गुण आला."

डुक्कर! आणि मी! आमच्याकडे अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात, तेही सासूबाई वाईला असतील तेव्हाच.

१३ जुलै

वाचनालयातून आहारशास्त्राचं पुस्तक आणलं. डुकराचं मांस — प्रथिनं भरपूर, ब१ जीवनसत्त्व, चरबीही भरपूर. नीट शिजवून, बेताने खाल्लं तर वाईट नाही. मूळव्याधीबद्दल मात्र चकार शब्द नाही. म्हणजे शास्त्राची हरकत नाही. हरकत आमच्या नवरोबांची, मधूची आहे.

"विनू, डुक्कर? गटारात लोळणारं?"

म्हटलं, खंडाळ्याच्या ढाब्यावर तू कोंबडी खातोस, ती काय गादीवर लोळत असते? मग म्हणाला, "आईला कळलं तर?" आणि शेवटी, "त्यापेक्षा डॉक्टरांकडे जा ना."

कुणाकडे जाऊ? आमच्या विश्रामबागेत यातले डॉक्टर एकच, आणि त्यांचा अनीश माझ्या वर्गात. त्यांच्यापुढे ओणवं व्हायचं आणि शनिवारी पालकसभेत त्यांनाच ऐकवायचं — अनीशला आकृत्या जमत नाहीत! त्यापेक्षा डुक्कर परवडलं.

१७ जुलै, रविवार

हरणाबाई डबा देऊन गेली. मधूने आधी सगळ्या खिडक्या लावल्या, शेजारी वास जाऊ नये म्हणून. मग सगळ्या उघडल्या, घरात वास राहू नये म्हणून. शेवटी उदबत्ती.

खाल्लं. भाकरी, कांदा, जाळ रस्सा. चरबीचा तुकडा जिभेवर विरघळला. मस्त लागलं! बाहेर कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

मधू दारातूनच — "कसं लागतंय?" म्हटलं, खाऊन बघ. "छे!" आणि थोड्या वेळाने स्वारी आत, भाकरीचा तुकडा रश्श्यात. "नुसता रस्साच आहे," म्हणे!

२१ जुलै

रक्त थांबलं!! दर रविवारी डुक्कर. ठरलं. आता झाला आहार समतोल.

२ ऑगस्ट

पुन्हा. आधीपेक्षा जास्त.

हरणाबाई म्हणते, "कमी पडलं आसंल. लय दिसाचं दुकनं हाय, दमानं जाईल." परकराची नाडी रोज आणखी आवळावी लागते. मधूला म्हटलं, डुकराने माणूस जाड होतं म्हणतात, आणि मला बघ! तो हसला नाही. मीही नंतर हसले नाही. भीती वाटते. खूप भीती वाटते.

८ ऑगस्ट

मधूने ऐकलंच नाही, मिरजेला नेलं. तिथे कुणाचं पोर माझ्या वर्गात नाही. डॉक्टरही बाई निघाल्या. दोन मिनिटांत झालं! एवढ्याशासाठी मी — जाऊ दे.

आधी त्या शाळेबद्दल, पोरांबद्दल विचारत होत्या. तपासताना प्रश्न बदलले — रक्त कधीपासून, वजन किती उतरलं. मूळव्याध नाही म्हणाल्या. गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय.

१६ ऑगस्ट

रिपोर्ट आला. पसरलंय.

मधूने विचारलं, भरल्या दवाखान्यात, मोठ्याने — "डॉक्टर, हिला डुकराचं मटण आवडतं. चालेल का?"

म्हणाल्या, आवडेल ते द्या.

पथ्य काहीच सांगितलं नाही.