ओठ मिटले की पाच

३ नोव्हेंबर, सोमवार

गणिताचा तास अर्धा केला! मोठ्या बाईंनी सकाळी ऑफिसात बोलावून सांगितलं. उरलेला अर्धा वाचनाच्या मोहिमेला. म्हणे मुलांना वाचता येत नाही. खरंच येत नाही, पण मोजता तरी कुठे येतंय?

पहिलीचा वर्ग आणि वीस मिनिटं. त्यात बुचांचे डबे वाटायचे – बाटल्यांची बुचं, किती वर्षं जमवतेय मी – मग मोजायचं, सांडलेली बाकाखालून शोधायची, कुणी नाकात घातलेलं काढायचं, डबे परत गोळा करायचे. मोजायला वेळ उरतो किती? मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही अनुभवी आहात, जमवाल. मला कुणी अनुभवी म्हटलं की समजावं, अंगावर काहीतरी येतंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सत्तावीस लिहा म्हटलं. अर्ध्या वर्गाने बहात्तर लिहिलं. म्हणताना सात आधी येतो, ती तरी काय करणार? समजावायला तोंड उघडलं आणि घंटा झाली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मार्ग सापडला! वर्ग दिवसातून किती वेळा दारातून बाहेर पडतो – हात धुवायला, मधल्या सुट्टीत, मैदानावर, घरी. मी दारात उभी राहणार. प्रत्येकाला एक प्रश्न. तीन आणि दोन किती? सातातून एक गेला? उत्तर द्या आणि सुटा. त्याला वेगळा तासच नको.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, टोलनाका उघडलास की! म्हणू देत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टोलनाका जोरात चालू आहे. पोरं फटाफट उत्तरं देतात. रांग अडली की मागून ढकलाढकली सुरू, म्हणून मीही घाई करते – हं, बोल बोल, चल. आणि बोलतात!

बटणसुद्धा. शर्टाचं वरचं बटण सदा तोंडात, म्हणून हे नाव, माझ्यापुरतं. बुचं मोजताना एकच बूच दोनदा मोजते, मधला आकडा गाळते. तिला मागच्या तुकडीत घालायचं मोठ्या बाईंच्या मनात आहे. मागची तुकडी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे गेलेलं पोर परत वर आलेलं मी पाहिलं नाही. पण दारात हीच पोरगी माझ्याकडे टक लावून बघते आणि टकाटक सांगते. फक्त सहा-सातात गोंधळ. आणि परवा पाच आणि एक किती तर म्हणाली, दहा! सहाच्या जागी दहा! कुठून आणते कोण जाणे.

तिचे वडील बस चालवतात. आज ड्यूटीच्या कपड्यांतच फाटकाशी थांबले होते. म्हणाले, ‘बाई, तिला खाली पाठवू नका. शाळेचं घरी एवढंच सांगते – दारात माझं बरोबर आलं.’

शब्द दिला त्यांना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मोठ्या बाईंनी जिन्यात उभं राहून माझा टोलनाका पाहिला. खूश! नऊ डिसेंबरला दुसऱ्या शाळांच्या शिक्षिकांना बोलावणार, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून – दुसरीच्या बाई सोडून चालल्यात. तुमच्या मुलीने शिक्षिकेचा कोर्स केलाय ना? अर्ज आणा.

माझा कानांवर विश्वास बसेना. एवढा कोर्स करून लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तात्पुरतं, तात्पुरतं म्हणत दोन वर्षं झाली. संध्याकाळी बाहीला पांढरी पूड घेऊन येते आणि कुणाच्या तरी डाव्या डोळ्याची हकिकत सांगत बसते. ऐकायला बरं वाटतं, पण हे काय आयुष्यभर करायचं काम आहे?

घरात पाऊल टाकलं तेच तिला विचारत. येशील ना शाळेत? तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हो. लगेच! विचारसुद्धा करावा लागला नाही. शहाणी माझी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज दिला. किती दिवसांनी निवांत चहा प्यायले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डोकं नुसतं भणभणतंय. बटणची चाचणी शिट्टीबाईंनी घेतली. शेजारच्या वर्गाच्या बाई – शिट्टी कायम गळ्यात आणि मान कायम वहीत. एवढ्या प्रश्नांत पोरीचं एकच बरोबर. एकच!

मी म्हटलं, तुम्ही मान वर करून तिच्याकडे बघितलंत तरी का? त्या म्हणाल्या, चाचणीत बघायचं कशाला, ऐकायचं. अशा दगडासमोर कुठलं पोर बोलेल? चांगलीच जुंपली आमची. शेवटी मोठ्या बाईंनी तोडगा काढला. नऊ तारखेला पाहुण्यांसमोर मीच बटणला विचारायचं. सांगता आलं तर ती वर राहील, नाहीतर खाली.

सोपं आहे. माझ्यासमोर तिचं सहसा चुकत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दाढ ठणकतेय. भांडणाचीच असणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दाढ काढली. गाल असा सुजलाय की आरशात बघवत नाही. लेकीने कोमट पाणी आणून दिलं आणि मी काही मागायच्या आत उशी बदलली. हिला माझ्या मनातलं सगळं कळतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मास्क लावून गेले. सुजलेलं तोंड बघून पोरं घाबरायला नकोत. बोलायचं कमी, असं दंतवैद्याने बजावलंय. त्याला काय जातंय.

हात धुवायची वेळ. दारात उभी राहिले. चार आणि दोन? पहिला गप्प. नुसता बघतोय. पुढचा – तीन आणि तीन? ‘चार?’ म्हणाला. मग ‘नऊ?’ मग ‘दोन?’ दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत. तिसरी रडायलाच लागली. रांग फळ्यापर्यंत तुंबली. मला वाटलं, ठरवून थट्टा चाललीय. चांगली खेकसले.

मग बटण आली. चार आणि एक किती, म्हटलं. तिने तोंडातलं बटण काढलं.

‘बाई, मास्क काढा ना. दिसत नाही.’

काय दिसत नाही गं?

‘ओठ मिटले की पाच,’ ती म्हणाली. ‘मोठ्ठं तोंड उघडलं की आठ. दात दिसले की सहा.’ जरा थांबली. ‘नाहीतर सात. ते सारखंच दिसतं.’

दाराची चौकट धरली मी.

रांग अडू नये म्हणून, पोराचं चुकू नये म्हणून, उत्तर आधी माझ्याच ओठांवर येतं. बिनआवाजाचं. मला पत्ताच नाही! सहा आणि सात का गोंधळायचे, सहाच्या जागी दहा कुठून यायचे – सगळं समोर होतं आणि मी हसत होते. शिट्टीबाईंचा दोष काडीचा नाही. इतके दिवस पोरीने मेहनत केली, ती माझं तोंड वाचायची. आणि एकटीने नाही. वर्गातल्या निम्म्यांनी तरी.

सगळ्यांना न विचारताच बाहेर सोडलं. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. रडले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांना समोर बसवलं. म्हटलं, मी प्रश्न विचारते, तुम्ही नुसतं बघा. पाच आणि तीन? हे म्हणाले, तूच आठ म्हणालीस की, आवाज नव्हता एवढंच.

लेक दारात बूट चढवत होती. हसली. ‘तुला आत्ता कळलं, आई? मी पाढे तसेच म्हणायचे. तुझ्या तोंडाकडे बघून.’ आणि गेली दुकानात. आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो.

दुपारभर मात्र चैन नाही. मोठ्या बाईंना सांगायचं? सांगितलं तर पाहुण्यांचा कार्यक्रम बोंबलला, लेकीचा अर्ज बोंबलला आणि बटण थेट जिन्याखाली. नाही सांगितलं तर काय? गाल उतरेल, मास्क निघेल, सगळं पुन्हा सुरळीत. कुणाला कळणार आहे? लेकीची नोकरी पक्की, बसवाल्याला दिलेला शब्दही पाळला जाईल. सगळ्यांचं भलं. तरी घास गिळवत नाही. आणि ते दाढेमुळे नाही.

१ डिसेंबर, सोमवार

टोलनाका बंद. आज वर्गाकडे पाठ करून बसले. डब्यात बुचं टाकली, चार, एकेक आवाज ऐकवत. झाकण लावलं. वर अजून दोन ठेवली. आता सगळी मिळून किती?

आणि थांबले.

थांबणं! मला थांबता येत नाही. ह्यांचं वाक्यसुद्धा मीच पुरं करते. आज ओठ दातांत धरून ठेवले, दाढेच्या खड्ड्यातून कळ आली, तरी धरले. मागे कुजबुज, मग चुळबुळ, मग काहीच नाही. बटणने किती वेळ घेतला! शेवटी म्हणाली, पाच. चुकलं. पण हे पाच माझ्या ओठांवरचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. झाकण उघडून दोघींनी मोजलं. म्हटलं, डब्यातली चार आहेतच, ती परत कशाला मोजायची? पुढे मोज. तिने डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पाच, सहा.

वीस मिनिटांत चार पोरं झाली. बाकीच्यांची पाटी कोरीच. असं चाललं तर वर्ष संपेल आणि आम्ही दहाच्या पुढे जाणार नाही. माझं चुकतंय का? कुणाला विचारू?

४ डिसेंबर, गुरुवार

सांगून टाकलं मोठ्या बाईंना. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मुलं काय, बघूनच शिकतात. मंगळवारी मास्क नको. नेहमीसारखं दारात उभं राहायचं. तुमच्या मुलीचा अर्ज पुढे पाठवायचा की नाही, ते त्यानंतर बघू.’

अर्ज समोरच ठेवला होता, पेपरवेटखाली.

लेकीला काही सांगितलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात नोटीस देऊन आलीय. जेवताना गप्प होती. म्हटलं, काय गं? म्हणाली, काही नाही, दमलेय.

८ डिसेंबर, सोमवार

बटण आता डब्यावर हात ठेवून पुढे मोजते. कधी येतं, कधी नाही. उद्या येईल का?

९ डिसेंबर, मंगळवार

पाहुण्या भिंतीला टेकून ओळीने बसलेल्या. शिट्टीबाईही. मी दारात. मास्क नाही, गाल उतरलेला. मनाशी ठरवून गेले होते – आजचा दिवस निभावून न्यायचा. लेकीसाठी. शब्दासाठी. उद्यापासून पुन्हा पाठ करून बसेन.

पहिली सहा-सात पोरं सटासट सुटली. पाहुण्या माना डोलावतायत. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान.

बटण समोर आली. म्हटलं, सहा आणि एक?

तिने डब्यावर ठेवतात तसा हात पोटाशी धरला, मग वर बघितलं. माझ्या ओठांकडे. आणि हात खाली सोडला. तो सोडलेला हात बघवेना मला. मी वळले. तिच्याकडे पाठ केली आणि बाहेरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

कुणीतरी खोकलं. मोठ्या बाईंनी हळूच माझं नाव घेतलं. मी हलले नाही. मनात नुसतं – बाई गं, बोल. बोल. ओठ दातांत.

‘सहा,’ बटण म्हणाली.

गेलं, सगळं गेलं.

‘नाही, थांबा. सहा आधीच आहेत.’ एक खुर्ची करकरली. ‘सात.’

मी वळेपर्यंत ती हात धुवायला पळाली होती.

त्यानंतर पाठ तशीच ठेवली. घंटेपर्यंत आणखी तिघंच झाली, त्यातली दोघं चुकली. पाहुण्या घड्याळं बघत चहाला गेल्या. मोठ्या बाई आंबट तोंडाने म्हणाल्या, ती पोरगी राहू दे वर, परीक्षेपर्यंत. आणि तुमच्या मुलीला एक तारखेपासून पाठवा, दुसरा अर्जच आलेला नाही.

घरी जवळजवळ धावतच आले. लेकीला सांगितलं, मिळाली! तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘छान झालं, आई.’

बघितलं कुठे, ते आज माझ्या लक्षात आलं.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी भांडी घासत होते. लेक मागे टेबलाशी. न वळता विचारलं, तुला शाळेत यायचंय का?

नळ बंद केला. ओठ दातांत धरले. वर्गात थांबते तेवढी थांबले, मग आणखी.

‘नाही, आई.’

पाठ तशीच ठेवली. तिला अजून बोलायचं असेल.