तिसऱ्या मजल्याच्या झडपा

११ जुलै

ठक—ठक—ठकठक. पहाटे झोपेतच ऐकलं. साठ वर्षांमागचे मास्तर फूटपट्टीनं बाकावर कवितेचं वृत्त वाजवायचे. मी अडखळायचो, वगदी त्या ठेक्यावर समुद्रासारखा वाहायचा. पठणाचं बक्षीस त्याला. पुढे बायको म्हणून नादराही त्यालाच! आणि आईचा समुद्राकडचा सज्जा? वडिलांनी तिसऱ्या मजल्यावरचं ते घरही त्यालाच भाड्यानं दिलं. मी घरमालक—तळमजल्यावर, ओल्या भिंतीशी, खिडकी अंगणाकडे.

वगदी वारला. नादरा लेकीकडे तांता शहरात गेली, त्याला दोन ऑगस्टला वर्ष होईल. मला साधा निरोपही नाही.

१३ जुलै

पुतणी रावया वकील आहे. म्हणाली, "काका, भाडेकरूनं विनाकारण वर्षाहून जास्त घर बंद ठेवलं, तर नव्या कायद्यानं मालकाला ते रिकामं करून मागता येतं. पण बंद म्हणजे बंद! विजेच्या मीटरचा आकडा हलता कामा नये."

"हलेल कशानं? भूत दिवा लावतंय?"

"तुमच्या घरचं भूत तुम्हालाच ठाऊक!"

तीन ऑगस्टला अर्ज. सज्ज्यात खुर्ची कुठे ठेवायची, तेही ठरवलं.

१४ जुलै

आकडा लिहून घेतला.

१८ जुलै

हलला!

२४ जुलै, शुक्रवार

जिन्यात दबा धरून बसलो, या वयात! नमाजानंतर बयूमी इस्त्रीवाला वर चढला. खिशातून किल्ली काढली—तिची किल्ली!

"बाईंनी दिलीय, बे." जुन्या वळणाचा, साहेबाला अजून 'बे' म्हणतो. " शुक्रवारी झडपा उघडायच्या, सब्ज्याच्या रोपाला पाणी, तासभर रेडिओ. म्हणाल्या, घराला एकटं वाटतं."

घराला! आणि फोन? तोही त्यालाच, दर आठवड्याला. इस्त्रीवाल्याला!

"माझं विचारतात?"

"विचारतात की. लुत्फी बेंच्या कॉलरला अजून तेवढीच खळ लागते का?"

तिला माझी कॉलर आठवते. दिवसभर आरशासमोर तीनदा गेलो.

निघताना बयूमी हसला होता मेला. "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, बे, तुम्ही दिवस मोजताय."

२५ जुलै

रावया म्हणते, इस्त्रीवाल्याचा रेडिओ म्हणजे बाईंचं राहणं नव्हे. पण त्याला थांबवा, म्हणजे खटला पक्का.

३० जुलै

थांबवावं लागलंच नाही! भाचीच्या लग्नाला गावी निघाला. किल्ली माझ्या हातात ठेवली. "एवढा शुक्रवार तुम्ही बघा, बे. मालक तुम्हीच."

३१ जुलै

गेलो नाही.

१ ऑगस्ट

केवढा उकाडा! रोप सुकेल. सुकू दे. वगदीनंच लावलेलं असणार.

२ ऑगस्ट

सकाळी पाणी घेऊन वर गेलो. फक्त पाणीच घालायचं होतं.

झडपा गंजल्या नव्हत्या. समुद्र आईच्या वेळचाच. रेडिओ लावला—माझ्याच हातानं आकडा हलवला! वही सोबत होतीच. सज्ज्यात बसून लिहितोय. रोपाला एक पांढरा तुरा आलाय—

२ ऑगस्ट, संध्याकाळ

लिहिता लिहिता दार वाजलं. ठक—ठक—ठकठक. वगदीचा ठेका! उघडलं.

नादरा. हातात बॅग. माझ्या खांद्यावरून तिनं सज्ज्याकडे पाहिलं, मग माझ्या कॉलरकडे.

"किती दिवस राहिले होते, लुत्फी बे?"

"एक."

"मग सरका. अजून घर माझं आहे."

सरकलो.