सोवळ्याची लोकर

नावन, मे २०२१

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर माथा ठेवून लिहितो. आम्ही सारे इकडे परदेशात कुशल आहोत. तुला आता ऑक्सिजन लागत नाही, असे तुझ्या संध्याने कळवले. खरे ना? जिना चढताना धाप लागते का?

तुझ्या आरोग्यासाठी मी अकरा दिवसांच्या जपाचा संकल्प केला होता. चौथ्या दिवशी जयेशने सेवाभावाने माझी सोवळ्याची लोकरीची धाबळी वॉशिंग मशीनमध्ये कढत पाण्यात धुतली. ती आटून हातरुमालाएवढी झाली! "बाबा, आता देवालाच नेसवा," म्हणतो लबाड. मला मात्र घास उतरेना. सोवळ्यावाचून जप कसा व्हावा?

शेजारच्या पोलिश हालिनाबाईंनी हे ऐकून कुंपणावरून कोरी लोकरीची शाल पुढे केली. त्यांच्या घरी मांस शिजते, म्हणून मी कचरलो. "वेउना! शुद्ध वेउना!" त्या ठासून म्हणाल्या. वेउना म्हणजे त्यांची लोकर. मी कोश उघडला. प्राचीन स्लाव लोक मेंढीच्या केसांना 'विल्ना' म्हणत, असे पंडित मानतात. ती आणि आपली संस्कृतातली 'ऊर्णा' एकाच आद्य शब्दाच्या लेकी. तो शब्द एक होता तेव्हा कुंपण कुठे होते, असे मनात आले, आणि शाल नेसून मी जपाला बसलो.

काल अकरावा दिवस निर्विघ्न पार पडला. हालिनाबाईंनी तुझे नाव विचारून घेतले आहे. रोज सकाळी त्या आपल्या देवापुढे मेणबत्ती लावतात आणि "अक्का" म्हणतात.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
बाळू