गाइडातले बाबा

बाबा,

माझ्या इंग्रजीच्या वहीतला 'माय फादर' निबंध तुमी आज खाणीत नेला. साहेबाकडून सगळ्यायसमोर वाचून घेतो म्हणाले. तवापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

काल तुमी अर्थ विचारला, तं मी सांगतलं, 'माझे बाबा जमिनीखाली मँगनीज काढतात.' तुमचे डोळे भरले. पण निबंधात तसं काहीच नाही. वर्गात सारेच गाइडातला निबंध पाठ करतात, मीही तोच उतरवला. त्यातले बाबा बँकेत साहेब आहेत, कारनं जातात.

आता खरा निबंध लिहाले बसली, तं तुमच्या कामाले इंग्रजीत काय म्हणतात तेच मले येत नाही.

शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला, बाबा. हे पत्र मी चुलीत टाकून राहिली.

तुमची,
दीपमाला