काळजीचा अर्धा तास

३ मार्च
सान्तियागोहून निम्मा चिले पालथा घालून अखेर बेटावर पोचले. आवडलं. दवाखाना दोन खोल्यांचाच, पण चूल मोठी आणि खिडकीतून धक्का दिसतो. शेजारणीने गरमागरम बटाट्याच्या भाकऱ्या आणून दिल्या. नोल्बेर्तो हा इथला परिचारक. म्हणाला, मासेमारीच्या दिवसांत आजारी पडायला कोणाला सवड नसते, तुम्ही आपलं विणकाम शिका.

११ मार्च
दोन्या एदेल्मिरा, म्हणजे एदेल्मिराबाई, आली. साठीची. कित्येक वर्षं धड झोप नाही, खांदे दगडासारखे, छातीत धडधड. काळजी सगळ्यांची. समुद्रावर जाणारा प्रत्येक जण आधी तिच्या दारात सांगून जातो आणि निर्धास्त होतो. हृदय, थायरॉइड ठीक. निदान सरळ आहे: चिंताविकार. गावाने बाईला पिळून काढलंय, असं मी नोल्बेर्तोला म्हटलं. तो पट्ट्या गुंडाळत राहिला.

गोळ्या सुरू केल्या. शिवाय काळजीला ठरावीक वेळ दिली, संध्याकाळी पाच ते साडेपाच. एरवी मनात आली की पाचवर ढकलायची.

तिने विचारलं, "आणि दुपारी बुडणाऱ्याने काय करायचं, पोरी? पाचपर्यंत थांबायचं?"

मी हसले.

२० एप्रिल
ती झोपते. गुणगुणते. आईला अभिमानाने कळवलं.

५ मे
नोल्बेर्तोचा भाऊ रामिरो बुडाला. भरदुपारी. वारा नव्हता.

१९ मे
बार्रीया बापलेक. सकाळी. पाण्यावर सुरकुतीही नव्हती.

पाच ते साडेपाचमध्ये कोणी बुडत नाही.

२० मे
एदेल्मिराला म्हटलं, वेळ विसर, दिवसभर काळजी कर. हात जोडले. तिने माझा गाल कुरवाळला.

"प्रयत्न करते गं. पण येतच नाही. तुझं औषध फार गुणाचं निघालं."

२ जून
सकाळी मच्छीमार माझ्या दारात. नोल्बेर्तोनेच पाठवलेले. एक शब्द वावगा नाही. नावं सांगितली, टोप्या घातल्या, गेले. निर्धास्त.

५ जून
झोपले नाही. एकेकाचं नाव — चेहरा — होडी. सगळे परतले. खांदे वळत नाहीत.

६ जून
सगळे परतले. मीच तिला बरी — नाही, आता तो विचार नको. नावं.

७ जून
बसल्या बसल्या डोळा लागला. क्षणभरच. पण चूल विझलीय, म्हणजे क्षणभर नव्हे — धक्क्यावर बायका जमल्यात. कोणी ओरडत नाही. सगळ्या माझ्या खिडकीकडे — नोल्बेर्तो सकाळी सांगून गेला होता, जाळं काढून लगेच येतो, तुम्ही फक्त —