गोळीचा साचा आणि नॉर्बर्ट ब्रुन्स

मी, लायनस ओस्टरलो, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार मर्सर काउंटी, ओहायो, डोके ठिकाणावर असताना (मुलाला शंका आहे म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे) हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हे शांतपणे रागावून केले आहे.

कलम १. घर व ओढ्याकाठचे रान मुलगा केंट आणि मुलगी जनेल यांना निम्मे निम्मे. रान विकू नये. केंट विकणारच, निदान विकताना लाज वाटावी म्हणून लिहिले.

कलम २. बँकेतली शिल्लक जनेलला. माझी पत्नी रोझेला हिच्या आजारपणात उशाशी बसली ती जनेल. केंट फुले पाठवत होता.

कलम ३. बाराबोअरची बंदूक केंटला मिळावी, अशी रोझेलाची इच्छा होती. पण सरकारने हरणांच्या शिकारीला रायफलची मुभा दिल्यापासून केंट दुर्बीण लावलेली रायफल मिरवतो. मला म्हणाला, "बाबा, ती शिसं वितळवायची शेगडी विझवा आता. गोळ्या घरी कोण ओततं? दुकानात मिळतं सगळं." मिळते, खरेच. पाच काडतुसांच्या डबीला जे मोजावे लागते, त्यात मी जुन्या नळांच्या शिशावर अख्खा मोसम काढतो, आणि माझी गोळी शेताच्या पल्याडहून बशीएवढ्या जागेत बसते. बंदूक जनेलला द्यावी. ती शिकारीला जात नाही, त्यामुळे बंदुकीचा अपमान तरी होणार नाही.

कलम ४. शिसे वितळवायची कढई, तराजू, काडतुसाचे तोंड वळवून बंद करायचे यंत्र आणि मुख्य म्हणजे गोळीचा साचा. साचा गार असताना शिसे ओतले तर गोळीला सुरकुत्या पडतात. घाई केली तर आत पोकळी राहते आणि वजन कमी भरते. अशी गोळी पुन्हा कढईत टाकायला मन घट्ट लागते. तेवढे घट्ट मन या भागात एकाच माणसाचे आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो शेजारचा नॉर्बर्ट ब्रुन्स आहे.

नॉर्बर्टशी माझे बोलणे बंद आहे. कारण नोंदवतो. नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापायचा, ही आमच्या शिकारी टोळीची रीत. मी बार काढला, हरीण पळाले, रक्त दिसले नाही. तेवढ्यावर या गृहस्थाने रोझेलाने आणलेला कोरा शर्ट कापला. पुढे ते हरीण त्याच्याच मक्यात मेलेले सापडले, खांद्यामागे अंगठा जाईल एवढे भोक. यावर नॉर्बर्ट म्हणाला, "मोटारीनं उडवलं असेल रे, लायनस." मक्यात मोटार!

तरी हे सर्व सामान नॉर्बर्टलाच द्यावे. अट एक: साचा घेतला म्हणजे माझी गोळी लागली होती, हे त्याने कबूल केले असे धरावे. नाही घेतला तर साचा ओढ्यात टाकावा. मला फार वाईट वाटेल. लिहिताना वाटतेच आहे.

सहीआधीची पुरवणी. ठरलेला दुसरा साक्षीदार आजारी पडला म्हणून वकीलबाई हेमेलगार्न यांनी मला न विचारता नॉर्बर्टला बोलावले. तो टोपी न काढता बसला आणि सगळे कागद ओळीवर बोट ठेवून वाचले. मग पेन उचलले.

"मिस्टर ब्रुन्स, एक सांगते," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. सही केलीत तर साचा विसरा."

नॉर्बर्टने माझ्याकडे पाहिले नाही. पेन खाली ठेवले.

"मग दुसरं कुणीतरी बघा बाई," तो म्हणाला. "मी नाही सही करत."

लिहून देणार: लायनस ओस्टरलो.

साक्षीदार १: लोईस हेमेलगार्न, वकील.

साक्षीदार २: डार्लीन होमन, टपाल वाटप. यांना नॉर्बर्ट ब्रुन्स कोट न घालताच धावत जाऊन रस्त्यावरून घेऊन आला.

मर्सर काउंटी, ओहायो. १४ नोव्हेंबर.